अनेकता मॅडम कुठे आहेत?

आमच्या हॉटेलात गिऱ्हाइकांनी विसरलेल्या वस्तूंसाठी एक लोखंडी कपाट आहे. चार्जर, कवळी, एकदा तर मुंडावळ्या. वस्तूला चिठ्ठी लावायची, तारीख टाकायची, तीन महिने वाट बघायची आणि मग विल्हेवाट लावायची, असा नियम. किस्स्यांना असा काही नियम नाही. ते नुसते साठत जातात.

मी हाउसकीपिंगची हेड. सुषमा गायकवाड, मुक्काम कळवा. आधी अकरा वर्षं मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात चादरी मोजल्या, तिथे जेवढे किस्से झाले नाहीत तेवढे इथे डोंबिवलीच्या मानपाड्याला चार वर्षांत झाले. घरी पाहुणे आले की माझी जाऊ चहा ठेवायच्या आधी म्हणते, "सुषमा, तो सांग ना!" आता 'तो' म्हणजे कुठला, ते विचारावं लागतं.

आमचे मालक जगनशेठ. इथलेच, आगरी. वडिलोपार्जित शेतावर त्यांनी हॉटेल काढायचं ठरवलं. चार बाजूंना एमआयडीसी, त्यामुळे सगळे म्हणाले साधं लॉज काढ, नाहीतर लग्नाचा हॉल. पण शेठ नुकतेच राजस्थान फिरून आलेले. म्हणाले, "बुटीक हॉटेल काढणार." त्यांच्या बायकोला पहिले दोन महिने वाटत होतं की खाली ब्लाउज शिवून मिळणार.

थीम ठरली भारताची विविधता. बारा खोल्या, बारा राज्यं. बाकीच्या राज्यांचं काय, असं मी विचारलं. शेठ म्हणाले, "वर मजला चढवू."

\*\*\*

हॉटेलचं नाव ठेवलं 'अनेकता'. पहिल्याच आठवड्यात कुरियरवाला आला.

"अनेकता मॅडम आहेत का? सही पाहिजे."

मी समजावलं की मॅडम नाहीत, हॉटेलचं नाव आहे. तो म्हणाला, "ठीक आहे, कधी येतील?"

मग गॅसवाला आला, मग पेस्ट कंट्रोल. पाण्याच्या टँकरवाल्याने तर फोनवर विचारलं, "अनेकता मॅडमनी सांगितलंय का टँकर पाठवायला? मग पाठवतो." एका दिवाळीला कपडे धुवायचं कंत्राट घेणाऱ्याने मिठाई पाठवली, वर चिठ्ठी: 'सौ. अनेकता यांस सप्रेम.'

शेवटी मी कंटाळले आणि सह्या करायला लागले. आता चार वर्षं झाली. या भागात अनेकता मॅडमना खूप मान आहे. गायकवाड मॅडमना कोणी ओळखत नाही.

\*\*\*

खोल्या सजवायला मुंबईहून थीम कन्सल्टंट आली, रिया. हुशार मुलगी, पण तिला सगळं 'व्हिज्युअल' लागायचं. तिने राजस्थानच्या खोलीत आरसे लावले, केरळच्या खोलीत होडीच्या आकाराचा पलंग ठेवला.

शेठची आयडिया अशी, की ज्या राज्याचा माणूस त्याला त्याच राज्याची खोली द्यायची. म्हणजे त्याला घरी आल्यासारखं वाटेल. पहिला पाहुणा जोधपूरचा व्यापारी. आरसे, कठपुतळ्या, लाल-पिवळे पडदे बघून तो दारातच थांबला.

"हमारे घर में तो सनमाइका है," तो म्हणाला.

त्याच दिवशी एक मल्याळी इंजिनियर आला. त्याने होडीकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं की त्याला होडी लागते, लहानपणापासून.

दोघं रिसेप्शनला आले, एकमेकांकडे बघितलं, आणि आम्ही काही बोलायच्या आत आपसात किल्ल्या बदलून निघूनही गेले. व्यापारी होडीत गाढ झोपला. इंजिनियरने आरशात बघून निवांत दाढी केली.

शेठ मला म्हणाले, "बघा गायकवाड मॅडम, यालाच राष्ट्रीय एकात्मता म्हणतात."

\*\*\*

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेठनी आईला हॉटेल दाखवायला आणलं. ऐंशीच्या पुढची बाई, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. रिया पुढे, आजी मधे, शेठ मागे, आणि चुरगळलेल्या चादरी सारख्या करत सगळ्यात शेवटी मी. आजींनी बाराही खोल्या बघितल्या. पंजाबची फुलकारी हाताने चाचपून बघितली, गुजरातच्या झोपाळ्यावर जरा टेकल्या.

मग म्हणाल्या, "जगन, आपली खोली कंची रं?"

शेठ म्हणाले, "आई, सगळ्या आपल्याच हायेत."

"त्या ठावं हाय. पन आपल्या लोकांची कंची?"

शेठनी रियाकडे बघितलं. रिया आजींच्या शेजारी बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "आजी, आपण फक्त मेजर कल्चर्स घेतलीयत. सगळी घेता येत नाहीत ना!"

आजींनी शेठना विचारलं, "ही काय बोलतंय?"

शेठ म्हणाले, "मोठ्या मोठ्या लोकांच्या खोल्या घेतल्यात, असं म्हणतेय."

आजी उठल्या. पदर सारखा केला.

"मंग जमीन कोनाची घेतलीस?"

पंधरा दिवसांत तेरावी खोली तयार झाली. भिंतीवर भातशेती, मिठागर, लग्नात धवला गाणाऱ्या बायका, सगळं. खोली फार सुंदर झालीय, लग्नसराईत सगळ्यात आधी तीच भरते. पूर्वी ती माझी लिनन रूम होती. तेव्हापासून हॉटेलच्या चादरी जिन्याखाली असतात.

\*\*\*

बंगालच्या खोलीत भिंतभर एक मासा रंगवलेला आहे. निळा-सोनेरी, डोळा ताटलीएवढा. नातवाच्या साखरपुड्यासाठी इकडे आलेले एक बंगाली आजोबा त्या खोलीत उतरले. जहाजावर नोकरी करून रिटायर झालेले. तासाभराने रिसेप्शनला फोन आला, "कमरे में एक प्रॉब्लेम है।"

मी वर गेले. म्हटलं गीझर असेल.

"ये मछली गलत है," आजोबा म्हणाले.

आता माशाची तक्रार हाउसकीपिंगमध्ये येते की मेंटेनन्समध्ये, हे मला माहीत नव्हतं. मी किचनमधून हिराबाईला बोलावलं. हिराबाई कळव्याच्या खाडीकाठची, कोळीण. मासे साफ करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती हात पुसत आली, कमरेवर हात ठेवून भिंतीसमोर उभी राहिली.

"इलिश बोलके बनाया है," आजोबा म्हणाले. "ये इलिश है क्या?"

"ह्यो पापलेटबी नाय," हिराबाई म्हणाली.

मग दोघांनी सुरुवात केली. शेपटी चुकीची, पर उलटा. आजोबा खुर्चीवर चढून खवले बघायला लागले. हिराबाई म्हणाली, "कल्लाच नाय दिलेला. श्वास कुठून घेल ह्यो?" तिला हिंदी बेताची, त्यांना मराठी अजिबात नाही, पण अर्धा तास दोघांचं एकदाही अडलं नाही. शेवटी दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली आणि आजोबांनी मला निकाल सांगितला.

"आर्टिस्ट वेजिटेरियन है।"

मी रियाला फोन लावला. तिने पेंटरला विचारून परत फोन केला.

"हो, आहे तो व्हेज. पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

म्हटलं, "माशाने."

\*\*\*

रिसेप्शनला आमची रेमी असते. मूळची मिझोरामची, पण सहाव्या वर्षापासून डोंबिवलीत. मराठी आमच्यापेक्षा फास्ट बोलते. तरी नवीन पाहुणा आला की तिच्याशी हिंदीत बोलतो, तेही सावकाश, आणि हातवारे करून.

असेच एक काका आले. "आप... कहाँ से... हो?"

"काका, आयडी द्या ना, आधार चालेल," रेमी म्हणाली.

काका एकदम खूश. "अरे वा! मराठी येतं तुला? कुठे शिकलीस?"

"शाळेत. तुम्ही?"

काका हसले. पण सोडेनात. ईशान्येच्या खोलीत भिंतीवर भाला आहे, त्याच्या शेजारी उभी राहा, एक फोटो काढू म्हणाले. रेमी म्हणाली, "काका, भाल्याची मला भीती वाटते. पडला म्हणजे?"

"बरं ते जाऊ दे. पण मूळ गाव कुठलं तुझं?"

"आयझॉल. तुमचं?"

"आमचं चिपळूणजवळ!" काका छाती काढून म्हणाले.

"कधी गेलेलात शेवटचे?"

काकांनी वर बघून हिशोब केला. "वडील गेले तेव्हा... म्हणजे वीसेक वर्षं झाली."

"मी मे महिन्यात जाऊन आले," रेमी म्हणाली, आणि आधार कार्ड परत दिलं.

काका जरा वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "कोकणची खोली आहे का तुमच्याकडे?"

\*\*\*

नव्हती. अख्ख्या महाराष्ट्राच्या वाट्याला एकच खोली आलेली. आणि त्या एका खोलीत काय ठेवायचं यावर जेवढं भांडण झालं तेवढं बाकी अकरा राज्यांवर मिळून झालं नाही.

अकाउंट्सचे जोशी म्हणाले तांब्याचं घंगाळ ठेवा. शेठना किल्ला पाहिजे होता. शेफ नागपूरचा, तो म्हणाला संत्री. किल्ल्यात संत्री ठेवता येतील का, यावर वीस मिनिटं गेली. मी कोपऱ्यात बसून पडद्यांची मापं लिहीत होते. रिया एकदम वळली, "मॅडम, तुम्ही पण सांगा ना. तुमच्या घरी काय होतं?"

आमचं घर म्हणजे कळव्याच्या चाळीतली एक खोली. दाराच्या वर बाबांनी स्वतः ठोकलेली फळी, आणि तिच्यावर पुस्तकं. बाबा कंपनीत फिटर. रविवारी फळीवरून एक पुस्तक काढायचे आणि आम्हा चौघा भावंडांना मोठ्याने वाचायला लावायचे. उच्चार चुकला की परत पहिल्यापासून. शेजारची मुलंही दारात येऊन बसायची. घरात दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

म्हटलं, "पुस्तकं."

मग रिया म्हणाली, "सो स्वीट! पण मॅडम, ते व्हिज्युअल नाही होत."

शेवटी सगळंच ठेवलं. घंगाळ, किल्ल्याचं चित्र, संत्र्याच्या रंगाच्या उशा. आणि माझा मान म्हणून एक फळी. फळीवर पुस्तकं मात्र डेकोरेशनची, आतून पोकळ पुठ्ठ्याची. वरून सोनेरी इंग्रजी अक्षरं.

मला राग आला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी घरून बाबांची चार पुस्तकं आणली आणि त्या पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून दिली. धूळ पुसणाऱ्या मुलींना सांगितलं, ही चार उचलून पुसायची, बाकीची नुसती फुंकरायची.

दोनेक महिन्यांनी त्या खोलीतून चेकआउटच्या वेळी फोन आला. पंपांच्या कंपनीचा सेल्समन होता, भंडाऱ्याकडचा. दोन तास जास्त पाहिजेत म्हणाला. रेमीने विचारलं कारण काय लिहू?

"लिहा, चाळीस पानं राहिलीत."

रियाला कळलं तेव्हा तिने मला विचारलं, कुठलं पुस्तक होतं?

म्हटलं, "व्हिज्युअल नसलेलं."

\*\*\*

पंधरा ऑगस्टला शेठच्या डोक्यात आलं की स्टाफने वेगवेगळ्या राज्यांचे पोशाख घालायचे. चिठ्ठ्या टाकल्या. वॉचमन तिवारीला केरळचं मुंडू, म्हणजे लुंगी, आलं. झेंड्याला सलाम ठोकताना त्याने दुसऱ्या हाताने ते घट्ट धरून ठेवलेलं, आणि अख्खं राष्ट्रगीत त्याच पोझमध्ये.

सामान उचलणारा आमचा गणपत, चाळिशीचा गडी, त्याला पंजाब आला. त्याने यूट्यूब बघून पगडी बांधली आणि अकरा सेफ्टी पिना लावल्या.

त्याच सकाळी लुधियानाचे एक सरदारजी चेकआउट करत होते. विमानाची वेळ झालेली, टॅक्सी दारात उभी. गणपतने त्यांची बॅग उचलली. सरदारजींनी त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि बॅग त्याच्या हातातून काढून खाली ठेवली. आम्हाला वाटलं, झालं आता! चिडले बहुतेक. शेठ पुढे होऊन सॉरी म्हणायला लागले.

"बैठ," सरदारजी गणपतला म्हणाले.

एकेक पिन काढली. सगळं कापड सोडलं. एक टोक शेठच्या हातात दिलं आणि म्हणाले, "खींच के रखना, ढीला नहीं।" शेठ हॉटेलचे मालक, पण हातात कापड धरून लॉबीच्या त्या टोकाला ताठ उभे राहिले. सरदारजींनी घडी घातली, एकेक फेरा बसवला, पंधरा-वीस मिनिटं. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय, सरदारजींचं लक्ष नाही. शेवटी दोन पावलं मागे होऊन त्यांनी गणपतकडे बघितलं.

"अब ठीक है. नाम क्या है तेरा?"

"गणपत म्हात्रे."

"आज के दिन गणपत सिंह," म्हणाले आणि पळत टॅक्सीत बसले.

विमान चुकलं त्यांचं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. कोणाला वाटेल तक्रारीचा असेल, तर नाही. पगडी अजून टिकलीय का, एवढंच विचारत होते.

टिकलेली. गणपतने काढलीच नाही. दाढी तर आधीपासून होतीच. तसाच घरी गेला, बेल वाजवली. आईने दार अर्धं उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली,

"गणपत घरी नाय."

\*\*\*

आणि हा दातार काका-काकूंचा.

दोघंही सत्तरीच्या पुढे. काका बँकेतून रिटायर. राहायला टिळकनगरात, म्हणजे हॉटेलपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. मे महिन्यात एका दुपारी ते सूटकेस घेऊन आले. काश्मीरची खोली दोन दिवसांसाठी बुक केलेली. बाहेर डांबर वितळत होतं आणि दोघांच्या अंगात स्वेटर. काकांच्या डोक्याला माकडटोपी.

त्या खोलीत लाकडाचं नक्षीकाम आहे, हाउसबोटीसारखं. एका बाजूला खोटी खिडकी आहे, तिच्यात तळ्याचा मोठा फोटो, मागून लाइट. खरी खिडकी दुसऱ्या बाजूला. तिच्यातून केमिकल कंपनीची चिमणी दिसते.

काकू सोफ्यावर टेकल्या. काका काउंटरवर आले, मला जरा बाजूला घेतलं.

"एक विनंती होती," काका म्हणाले. "आमच्या हिचं हल्ली जरा... विसरणं वाढलंय. तिला वाटतंय आम्ही काश्मीरला आलोय. मी तसंच म्हणतोय. तिची फार इच्छा होती हो, माझ्या नोकरीत कधी जमलं नाही. तेवढं सांभाळून घ्या. डोंबिवली हा शब्द तेवढा उच्चारू नका."

म्हटलं, "काका, काळजी करू नका."

मी सगळ्यांना सांगून ठेवलं. गणपतने बॅग उचलताना म्हटलं, "वर थंडी आहे हां, काकू." मी एसी सोळावर केला. हिराबाईने चहात केशर टाकून पाठवला. तिचं काश्मीर तेवढंच.

चारच्या सुमारास काकूंनी रजई मागवली. मी स्वतः घेऊन गेले. काका बाथरूममध्ये होते. काकूंनी माझा हात धरला आणि बाथरूमच्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या,

"तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांचं हल्ली जरा विसरणं वाढलंय. ह्यांना वाटतंय आम्ही काश्मीरला आलोय. मी आपली हो ला हो करतेय. आयुष्यभर मला म्हणत आले, तुला काश्मीर दाखवीन. आता दाखवतायत, तर मी बघतेय. डोंबिवली हा शब्द तेवढा काढू नका हं."

मी रजई पलंगावर ठेवली. म्हटलं, "नाही काढणार, काकू."

मग त्या म्हणाल्या, "आणि तो पडदा जरा पिनेने लावून टाकाल? चिमणी दिसते."

मी म्हटलं लावलाय. तासाभरापूर्वीच लावलेला. काकांनी सांगितलेलं.

संध्याकाळी मानपाडा रोडवरून वरात गेली. डीजे असा की भिंतीवरच्या तळ्याचा फोटो थरथरत होता. मी चहाचे कप उचलायला गेलेले. दोघं स्वेटर घालून तळ्यासमोर बसलेले.

काका म्हणाले, "इथे लग्नं बरीच दिसतात."

काकू म्हणाल्या, "सीझन आहे ना."

काकूंनी काकांच्या माकडटोपीचं बटण लावून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मी रिक्षा बोलावली आणि सामान ठेवायला बाहेर गेले. रिक्षावाला इथलाच, भोपरचा. त्याने विचारलं, "कुठं जायचंय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. काकूंनीही माझ्याकडे बघितलं. दोघांच्या चेहऱ्यावर तीच विनंती.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "टिळकनगर. काश्मीरहून आलेत, दमलेत. हळू चालव."

त्याने आधी हॉटेलच्या बोर्डाकडे बघितलं, मग दोघांच्या स्वेटरकडे, मग माझ्याकडे. मीटर टाकला आणि मागे वळून विचारलं,

"काका, बर्फ होता काय?"

दोघंही एकदम म्हणाले, "भरपूर!"